भोरड्या आल्या कधी, गेल्या कधी?

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी हुरड्यात आली की अण्णांच्या बांधावर मचाण उभं राहतं. सत्तरी ओलांडलेले अण्णा पहाटेच गोफण घेऊन वर चढतात. परवा मी खालूनच विचारलं.

"अण्णा, भोरड्या आल्या का?"

"आल्या की. लई आल्यात."

"लई म्हंजे किती?"

"आभाळ काळं होतंय बघ."

"कधीपासनं?"

"झालं की आठ-दहा दिस. का? तुला काय करायचंय?"

अण्णांचा प्रश्न बरोबर होता. मला काय करायचंय, हेच या लेखात सांगायचं आहे.

भोरडी म्हणजे साळुंकीची गुलाबी अंगाची बहीण. डोकं, पंख, शेपटी काळी, पाठ-पोट गुलाबी. पळसाच्या फुलांतला मध पिते म्हणून काहीजण तिला पळसमैना म्हणतात. तिची वीण होते पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशात, आणि तिथे ती नाकतोडे-टोळ फस्त करते. पावसाळ्यातच तिचे पहिले थवे भारतात उतरायला लागतात आणि वसंत संपेपर्यंत बरेचसे इथेच असतात. म्हणजे वर्षाचा अर्ध्याहून मोठा भाग ती आपल्याकडे काढते, तरी आपण तिला पाहुणी म्हणतो. असो.

अण्णा हे पक्षी साठ वर्षं बघत आलेत. दुर्बीण गळ्यात अडकवून शहरातून येणाऱ्या कुणापेक्षाही त्यांनी भोरड्या जास्त पाहिल्यात. पण त्यांच्या साठ वर्षांच्या पाहण्यातून एक साधा प्रश्न सुटत नाही: भोरड्या पूर्वीपेक्षा कमी झाल्या की वाढल्या? विचारलं तर ते सांगतात, "पूर्वी लई होत्या." शेजारच्या रानातले तात्या सांगतात, "आताच वाढल्यात." दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांकडे पाहणं आहे, नोंद नाही.

या दोहोंतला फरक गावात समजावून सांगायचा तर मी दूध डेअरीचं उदाहरण देतो. "आज म्हशीनं लई दूध दिलं" असं सांगून डेअरीत पैसे मिळत नाहीत. तिथे खाते नंबर, तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर आणि फॅट, सगळं वहीत चढतं. तेव्हा कुठे महिनाअखेरीला हिशेब लागतो आणि मागच्या महिन्याशी ताडून बघता येतो. पक्ष्याचंही तसंच. कोणता, कुठे, कधी आणि किती, या चार गोष्टी आल्या की नोंदीला आकार येतो. पण एवढ्याने भागत नाही. आणखी दोन गोष्टी लागतात, आणि नवखे लोक नेमक्या त्याच विसरतात.

पहिली म्हणजे आपण किती वेळ पाहिलं. समजा मी पाच मिनिटं बांधावर उभा राहिलो आणि दोन चिमण्या दिसल्या. तुम्ही दोन तास सगळं शिवार फिरलात आणि तुम्हाला वीस दिसल्या. तुमच्याकडे चिमण्या जास्त आहेत का? मुळीच नाही. तासाचा हिशेब केला तर माझ्याकडे चोवीस आणि तुमच्याकडे दहा. कष्ट किती घेतले हे लिहिलं नसेल तर आकडा आंधळा राहतो. म्हणून नोंदीत सुरू करायची वेळ, एकूण मिनिटं आणि किती चाललो ते लिहायचं. एकाच जागी उभं राहून पाहिलं असेल तर तसं लिहायचं.

दुसरी गोष्ट ऐकायला विचित्र वाटते: जे दिसलं नाही त्याची नोंद. आता न दिसलेला पक्षी लिहायचा कसा? तर दिसलेले आणि ओळखता आलेले सगळे पक्षी लिहायचे. कावळा, साळुंकी, होला, पारवा, काही गाळायचं नाही. आणि यादीच्या शेवटी सांगायचं की ही यादी पुरी आहे, मी निवडून लिहिलेलं नाही. असं सांगितलं की यादीत जो नाही तो त्या वेळी तिथे दिसला नाही, हे आपोआप कळतं. गेल्या हिवाळ्यात मी त्याच वाटेने वीस फेऱ्या मारल्या आणि अठरा याद्यांत चिमणी होती; यंदाच्या वीस फेऱ्यांत ती अकरा याद्यांत आहे, असं समजा. नव्वद टक्क्यांवरून पंचावन्नवर. एवढी साधी भागाकाराची गोष्ट आहे. एका गावावरून निष्कर्ष काढायचा नसतो, पण असे हजार गाव एकत्र आले की त्यातून देशाचं चित्र उभं राहतं.

उलट, व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा निरोप बघा: "आज चार नीलपंख दिसले!!" आनंद झाला, अंगठा दाखवला. पण ते एका तासात दिसले की दिवसभरात, काल किती होते, बाकी काय होतं, काहीच माहीत नाही. आणि नीलपंख दिसला नाही त्या दिवशी कुणी निरोप टाकत नाही, ही त्यातली मोठी अडचण. गटात फक्त आनंदाचे दिवस साठतात.

टिटवीच्या अंड्यांचं असंच झालंय. टिटवीने उंचवट्यावर, बांधावर अंडी घातली की पाऊसमान चांगलं आणि ओढ्याच्या पात्रात घातली की दुष्काळ, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. खरं की खोटं? मला ते झटकून टाकायची घाई नाही. टिटवी जमिनीवर अंडी घालते, पाण्याजवळ तिचा वावर असतो. तिच्या वागण्यात काही अर्थ असेलही. पण तपासायचं कसं? दर वर्षी दहा-वीस घरट्यांची जागा आणि उंची लिहायची, पुढे पडलेला पाऊस लिहायचा, आणि ज्या वर्षी अंदाज चुकला तेही तितक्याच इमानाने लिहायचं. आजवर तसं झालं नाही. बरोबर आलेली वर्षं पारावर सांगितली गेली आणि चुकलेली वर्षं विसरली गेली.

चुकीच्या चिठ्ठीने घातलेला घोळ

कुठे आणि कधी, हे खरं लिहायला एवढं महत्त्व का, याची एक गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली आहे. ती मला कुठल्याही नियमावलीपेक्षा जास्त पटते.

वनपिंगळा हा पिंगळ्याच्या कुळातला एक छोटा घुबड. १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमध्ये एफ. आर. ब्लेविट यांना त्याचा पहिला नमुना मिळाला आणि पुढच्या वर्षी अ‍ॅलन ह्यूम यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. हे ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचं नाव येतं तेच. त्या काळी पक्ष्याची नोंद म्हणजे पक्षी मारून, कातडं भरून, पायाला चिठ्ठी बांधून ठेवायचा. चिठ्ठीवर जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. पुढे खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आणखी काही नमुने गोळा केले, त्यातला शेवटचा १८८४ मध्ये. सगळे मिळून जेमतेम सात. त्यानंतर पक्षी गायब.

गायब म्हणजे, कागदावरून गायब. मग कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन या ब्रिटिश पक्षितज्ज्ञाच्या संग्रहात एक नमुना आढळला. चिठ्ठी होती १९१४ ची, जागा गुजरातेत तापीकाठची मांडवी. मोठं नाव, नीट लिहिलेली चिठ्ठी. शंका घ्यायचं कारण नव्हतं. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून शोध घेणाऱ्यांना काही मिळालं नाही. साहजिकच वाटायला लागलं की पक्षी संपला असणार.

१९९० च्या दशकात पॅमेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक माइनर्टझागेनच्या संग्रहातले नमुने तपासत होत्या. त्यातले कित्येक त्याने दुसऱ्यांचे चोरून, स्वतःच्या चिठ्ठ्या लावून ठेवले होते, हे एकेक करून उघड झालं. वनपिंगळ्याचाही त्यात नंबर लागला. ते कातडं ब्रिटिश संग्रहालयातून गेलेलं, डेव्हिडसनने गोळा केलेलं होतं. ते उसवून पुन्हा भरलं होतं. जुन्या काळी कातडं भरायची प्रत्येकाची एक लकब असायची, शिंप्याच्या हातासारखी. क्ष-किरण चित्रांत डेव्हिडसनचा तो हात ओळखू आला.

मग मांडवीची चिठ्ठी बाजूला सारून खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा पुन्हा बघायचं ठरलं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघं आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा फिरले, तिथे काही मिळालं नाही, मग खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी, निष्पर्ण फांदीवर, भर उजेडात वनपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. पुढे मेळघाटात सापडला, मध्य प्रदेशात सापडला, आणि २०१४ मध्ये तर मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसाच्या जंगलात.

या गोष्टीत माइनर्टझागेनची चोरी सगळ्यांना आवडते, मला एक वेगळीच गोष्ट खटकते. त्या ११३ वर्षांत सातपुड्यातल्या एकाही गुराख्याने हा पक्षी पाहिला नसेल? पाहिला असणारच. दिवसा बसणारा घुबड आहे, लपून राहणारा नाही. पण साध्या पिंगळ्याहून हा वेगळा, याच्या डोक्यावर ठिपके नावालाच, छाती वरून जवळजवळ सबंध तपकिरी आणि पोट खाली पांढरं, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्याने कुणाला सांगितलं नाही. खोटी चिठ्ठी एक होती. न लिहिलेल्या खऱ्या चिठ्ठ्या किती असतील?

नावांचा गोंधळ आणि पंचनामा

विचारायचं म्हटलं तरी नाव आडवं येतं. भारद्वाजाला आमच्याकडे कुणी कुकुडकुंभा म्हणतो, कुणी सोनकावळा. हा एक पक्षी, अनेक नावं. याच्या उलट "बगळा". या एका शब्दात गाय बगळा, लहान बगळा, मध्यम बगळा आणि मोठा बगळा असे चार वेगळे पक्षी बसतात. म्हशीच्या पाठीवरचा गाय बगळा पिवळ्या चोचीचा. पाण्यात उभा राहणारा लहान बगळा काळ्या चोचीचा, काळ्या पायांचा, पण बोटं पिवळी, जणू पिवळे मोजे घातलेत. एवढं एकदा सांगितलं की पोरं आठ दिवसांत फरक करायला लागतात. पावश्या आणि शिक्रा मात्र भल्याभल्यांना फसवतात. पावश्याने शिक्र्याचं सोंगच घेतलेलं असतं, उडण्यासकट. "पेरते व्हा" ऐकू आलं तर प्रश्न मिटतो, मुक्याने बसला असेल तर चोच बघायची: शिक्र्याची चोच आकड्यासारखी वळलेली, पावश्याची नाही.

खात्री नसेल तर? तर तेवढंच लिहायचं जेवढं कळलं. "कुठलासा भोवत्या" ही पूर्ण प्रामाणिक नोंद आहे. माळावर गवताला घासून जाणारे हे शिकारी पक्षी हिवाळ्यात येतात, आणि त्यांच्या माद्या ओळखताना मुरलेले लोकही डोकं खाजवतात.

आज जगभर बहुतेक पक्षीनिरीक्षक आपल्या याद्या ई-बर्ड या व्यवस्थेत टाकतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने नॅशनल ऑडुबॉन सोसायटीबरोबर ती २००२ मध्ये सुरू केली. भारतात बर्ड काउंट इंडिया हा गट तिचं काम बघतो. मोबाइलवर फुकट चालते. आमच्याकडच्यासारखी रेंजची बोंब असली तरी अडत नाही: यादी फोनमध्ये राहते, जीपीएस जागा टिपतं, रेंज मिळाली की पाठवायची.

यात एक चाळणी असते. प्रत्येक भागासाठी आणि महिन्यासाठी कोणता पक्षी किती संख्येने अपेक्षित आहे हे आधी ठरवलेलं असतं. त्याबाहेरचं काही टाकलं की यंत्र थांबवतं आणि विचारतं, नक्की का? मग त्या भागातला एखादा जाणकार स्वयंसेवक ती नोंद बघतो आणि फोटो, आवाज किंवा वर्णन मागतो. इथे आपल्या माणसांना राग येतो. "मी काय खोटं बोलतोय?" आमच्या ओळखीच्या एकाने एवढ्यावरून याद्या टाकणं बंद केलं. मी त्याला म्हटलं, अरे, गारपीट झाली तर तलाठी पंचनामा करतो, तेव्हा तू खोटारडा आहेस असं म्हणतो का? पंचनाम्याशिवाय भरपाई नाही, आणि पुराव्याशिवाय तुझी नोंद तीस वर्षांनी कुणी मानणार नाही. माइनर्टझागेनच्या वेळी अशी चाळणी असती तर निदान प्रश्न तरी विचारला गेला असता.

पोटखराब्यातले पक्षी

एवढं करून मिळतं काय? २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल आला. सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर तो उभा आहे, आणि त्यात ९४२ जाती तपासल्या आहेत. यातले बहुसंख्य लोक शास्त्रज्ञ नाहीत. शिक्षक, डॉक्टर, विद्यार्थी, शेतकरी, निवृत्त माणसं आहेत. ज्या ३३८ जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला, त्यातल्या ६० टक्के घटल्या आहेत. मोर आणि कोकिळा वाढलेत. चिमणीबद्दल लोक हळहळतात, पण २०२० च्या अहवालाने दाखवलं की मोठ्या महानगरांत ती कमी झाली असली तरी देशभराचा विचार करता ती बरीच टिकून आहे. उलट ज्याच्याबद्दल कुणी हळहळत नाही तो नीलपंख घटतोय. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो चास हाच, विजेच्या तारेवर मातकट होऊन बसलेला आणि उडाला की निळाईचा स्फोट होणारा. इतका ओळखीचा पक्षी कमी होतोय, हे कुणा एकाच्या डोळ्यांना कळलं नसतं. हजारो कंटाळवाण्या याद्यांतून कळलं.

सगळ्यात वाईट अवस्था आहे मोकळ्या, गवताळ रानातल्या पक्ष्यांची. आणि इथे गोष्ट आपल्या दारात येते. सोलापूर, सांगोला, माण, जत, कर्जत या पट्ट्यातला माळ सातबाऱ्यावर "पोटखराबा" म्हणून लिहिलेला असतो. काही पिकत नाही, म्हणजे काही नाही. तिथे धाविक पळत असतो, चंडोल गात असतो, पखुर्डी दगडात दगड होऊन बसलेली असते, रातव्याने पाचोळ्यावर उघडीच अंडी घातलेली असतात. झाड नाही म्हणून कुणी त्याला जंगल म्हणत नाही, आणि मग तिथे चर खणून झाडं लावणं हे पुण्यकर्म ठरतं. मी वृक्षारोपणाच्या विरोधात नाही, पण माळावर झाडं लावणं म्हणजे धाविकाच्या घरात धरण बांधणं. तिथे काय राहतं हे लिहिलेलंच नसेल तर ग्रामसभेत उठून सांगायचं तरी कशाच्या जोरावर?

नकाशात बघितलं तर नोंदींचे ठिपके भिगवणला उजनीच्या पाण्याभोवती दाटलेले, कारण तिथे रोहित पक्षी येतात, नावा मिळतात, जेवण झकास मिळतं. नांदूर मधमेश्वर, पुण्या-मुंबईच्या टेकड्या, ताडोबा, सगळं भरलेलं. आणि मधे तालुकेच्या तालुके विरळ. तिथे पक्षी नाहीत असं नाही. रविवारी तिथे कुणी जात नाही. ही रिकामी जागा शहरातला माणूस भरू शकत नाही, कारण तो वर्षातून एकदा येणार. ज्याचं रोजचं जाणं-येणं तिथून आहे त्यानेच ती भरायची. केरळने २०१५ ते २०२० या काळात सगळ्या राज्याचे चौकोन पाडून, प्रत्येक निवडलेल्या चौकोनात पावसाळ्यात आणि कोरड्या हंगामात माणूस पाठवून पक्ष्यांचा नकाशा केला, हजाराहून अधिक स्वयंसेवकांच्या जोरावर. आपल्याकडे तसं व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कुठे गप्प बसायचं

आता उलट बाजू, आणि इथे माझीच चूक सांगतो. आमच्या गावच्या पडक्या गढीत गव्हाणी घुबडाची जोडी होती. बदामी तोंड, पांढरं पोट, उंदरांचा काळ. मी हौसेने फोटो काढला आणि जागेसकट गटात टाकला. दुसऱ्या संध्याकाळी बॅटऱ्या घेऊन पोरं हजर. तिसऱ्या दिवशी बाहेरगावचे दोघं कॅमेरे घेऊन. आठवड्याभरात जोडी दिसेनाशी झाली. घरट्यात काय होतं, पिल्लं होती की अंडी, मला शेवटपर्यंत कळलं नाही. घुबडांबद्दलच्या अंधश्रद्धा आणि दिवाळीच्या सुमाराला चालणारा त्यांचा चोरटा व्यापार लक्षात घेतला तर यापेक्षाही वाईट घडू शकलं असतं.

तेव्हापासून माझे नियम ठरलेत. घरट्याची जागा सांगायची नाही. सांगायचीच तर पिल्लं उडून गेल्यावर. फोनच्या फोटोत जागेची माहिती दडलेली असते, तो पाठवायच्या आधी ती काढायची. फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही, विणीच्या काळात तर नाहीच. तो बिचारा प्रतिस्पर्धी आला समजून घरटं सोडून धावत येतो. तित्तर-लाव्यांचे थवे कुठे उतरतात हेही चारचौघांत सांगायचं नाही, फासे लावणाऱ्यालाही कान असतात. नोंद ठेवणं आणि जाहीर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं समजलं तरी पुरे. ई-बर्डवर ज्या जातींना शिकारीचा किंवा त्रासाचा धोका आहे त्यांची नेमकी जागा लोकांना दिसत नाही. साधारण २० किलोमीटर बाजूच्या चौकोनापुरती मोघम दिसते. माळढोक त्यातलाच.

माळढोकाचं नाव काढलं की आमच्या जिल्ह्यात वेगळीच शांतता पसरते. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. कागदावर त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, त्यात गावंच्या गावं आणि लोकांची मालकीची शेतं. जमिनीच्या व्यवहारांना अडथळे आले, लोक वैतागले. पुढे क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर पक्षी म्हणजे कटकट हे समीकरण डोक्यात बसलं होतं. आजही एखादा शेतकरी दुर्मीळ पक्षी बघून गप्प बसतो तो अडाणी म्हणून नव्हे. "सांगितलं आणि सातबाऱ्यावर शिक्का बसला तर?" ही त्याची भीती जुन्या अनुभवातून आलेली आहे. एका यादीने जमीन जात नाही, हे मी सांगतो. पण त्याच्या भीतीला हसत नाही.

सुरुवात करायची असेल तर महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही. रोज एकच वेळ, एकच जागा, पंधरा मिनिटं, एवढं पुरे. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ ला सोलापूरचेच मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजतात. शाळेतल्या पोरांना घेऊन बसायला हे दोन मुहूर्त बरे. पक्ष्याच्या पायात कडी किंवा गळ्यात आकड्यांचा पट्टा दिसला तर तो आकडा तेवढा जरूर टिपा: मंगोलियात गळपट्टा घातलेले पट्टकादंब भारतातल्या तळ्यांवर याच पद्धतीने ओळखले गेलेत.

मोठा थवा मोजायची युक्ती आहे, तीच मी अण्णांना मचाणावर चढून दाखवली. आधी दहा पक्षी मोजायचे आणि दहाचा तुकडा केवढा दिसतो ते डोळ्यात बसवायचं. असे दहा तुकडे म्हणजे शंभर. मग शंभराच्या मापाने उरलेला थवा मापत जायचा, पायलीने धान्य मापतात तसा. अण्णांना हे झटकन जमलं, माझ्यापेक्षा बरं. आयुष्यभर माप हाताळलेला माणूस. संध्याकाळी बाभळीवर उतरणारा थवा त्यांनी साडेतीनशे सांगितला, मी तीनशेवीस. वहीत दोन्ही लिहिले, वेळेसकट.

"आता सांगा," मी म्हटलं, "गेल्या साली पहिल्यांदा कधी दिसल्या?"

थोडा विचार करून ते म्हणाले, "पोळ्याच्या आधी. बैलं धुवायला वढ्यावर गेलतो, तवा."

तारीख नाही, पण पंचांगातून काढता येण्याजोगी. चांगली नोंद.

"आणि गेल्या कधी?"

अण्णांनी गोफण मांडीवर ठेवली. बराच वेळ माळाकडे बघत राहिले.

"ते न्हाई सांगता यायचं," ते म्हणाले. "एक दिस बघितलं, तर नव्हत्या."